राखून ठेवलेला कान

सुधाकरभाऊंचं नाव आधी लिहितो, मग बाकीचं. कारण बाकीचं लिहायला घेतलं की माझी जीभ सुटते, आणि जीभ सुटली की चांगल्या माणसाचं नाव मागं राहून जातं. सुधाकरभाऊ म्हणजे नांदगाव खंडेश्वरच्या बस स्टँडसमोरचे शूटिंगवाले. लग्न, साखरपुडा, बारसं, कोणाच्या सप्त्याची समाप्ती, जिथं मांडव तिथं सुधाकरभाऊ खांद्यावर कॅमेरा घेऊन हजर. मी आठवीत शाळा सोडली तेव्हापासून त्यांच्या बाजूला लाईट धरून उभा राहायचो. आज मी राजस्थानच्या वाळवंटात सोलरच्या काचा धुतो, आणि माझी एकुलती एक बहीण माझ्याशी बोलते. यातली दुसरी गोष्ट फक्त त्यांच्यामुळे. पहिलीला जबाबदार वेगळे लोक आहेत. त्यांचंही पाहू.

बडनेऱ्याला गाडीत बसवून द्यायलासुद्धा तेच आले होते. मोटरसायकलच्या टाकीवर कॅमेऱ्याची बॅग, मागे मी, माझ्या मांडीवर माझी बॅग. त्यांना तिथून पुढे एका साखरपुड्याला जायचं होतं. आईनं निरोप दारातच दिला होता. म्हणाली, "पोहोचला का फोन कर. नाई पोहोचला तरी कर." बाबा गावातल्या पिठाच्या चक्कीवर कामाला आहेत. ते चक्की थांबवून फाट्यापर्यंत आले, भुवयांवर पीठ तसंच. माझ्याकडे न पाहता त्यांनी सांगितलं, "तोंड घेऊन चालला, तोंड घेऊनच वापस ये." आमच्या घरात याच्यापेक्षा जास्त कोणी बोललं तर लोक त्याचा ताप पाहतात.

मोठेबाबा मात्र बोलले. मोठेबाबा म्हणजे बाबांचे थोरले भाऊ. त्यांचा विकी पुण्याला कॉम्प्युटरच्या कंपनीत आहे, त्यामुळे घरातून कोणीही कुठंही निघालं की त्यावर शेरा मारायचा हक्क त्यांच्याकडे आहे. फाट्यावर चार माणसं जमलेली पाहून त्यांनी विचारलं, "काहून रे संज्या, वाळवंटात जाऊन काय करशीन? उंट धुशीन?" चारही माणसं हसली. त्यातल्या दोघांची पोरं तेव्हा घरी रिकामीच बसली होती, पण हसायला कुठं नोकरी लागते? मी उंट धुत नाही, मोठेबाबा. काचा धुतो. उंट बरा होता. धुतल्यावर तो निदान अंग तरी झटकतो.

स्टेशनवर गाडी हलली तेव्हा सुधाकरभाऊंनी बॅगेतून कॅमेरा काढला आणि माझं शूटिंग सुरू केलं. मी दारातून ओरडलो, "काहून बॅटरी जाळून राह्यले, भाऊ?"

"तुह्या मायले दाखवाले. ती इचारन, पोरगं रडलं का नाई."

मी रडलो की नाही ते त्या शूटिंगमध्ये आहे. इथं लिहायची गरज नाही.

गाव का सोडलं असं इथं कोणी विचारलं की मी मोठं उत्तर देतो. प्रगती, अनुभव, जग पाहणं. हे शब्द सगळे निघून आलेले लोक एकाच दुकानातून आणतात. खरं उत्तर असं आहे की एका दिव्यानं माझी जागा घेतली. पूर्वी लग्नात लाईट धरणारा माणूस लागायचा. नवरीच्या तोंडावर सावली पडू द्यायची नाही, एवढंच काम, पण ते सकाळच्या हळदीपासून बिदाईपर्यंत हात वर करून. सुधाकरभाऊ म्हणायचे, "लाईट हलला का माणूस खोटा दिसते." मग कॅमेऱ्याच्या डोक्यावर बसणारा चपटा दिवा आला. तो जेवत नाही, थकत नाही, पंगतीत बसून दुसऱ्यांदा जिलेबी मागत नाही. त्याच्या मागोमाग ड्रोन आला आणि गिऱ्हाइकांच्या अकलेनं पण उड्डाण केलं. नवरदेव मुंगीएवढा दिसला तरी चालेल, पण आभाळातून दिसला पाहिजे. सुधाकरभाऊंनी मला काढलं नाही. एक पूर्ण हंगाम ते मला उगाच सोबत नेत राहिले, कधी वायर गुंडाळायला, कधी नुसतं बोलायला. ते काढत नव्हते म्हणून मीच निघालो.

तुम्ही जे गावात राहिले त्यांना वाटतं, बाहेर गेला तो सुटला. आणि माझ्यासारखे जे निघाले ते तुम्हाला फोटो पाठवून तसंच वाटू देतात. एकमेकांना फसवायचा हा धंदा दोन्हीकडून जोरात आहे. म्हणून इथलं खरं सांगतो.

इथं क्षितिजापर्यंत काचा आहेत. आम्ही उजाडायच्या आत धुवायला लागतो, कारण तापलेल्या काचेवर गार पाणी मारलं तर ती तडकते. पाणीही कसलंही चालत नाही. खाऱ्या पाण्याचे डाग पडतात, म्हणून यंत्रातून गोडं केलेलं पाणी टँकरनं येतं. माझं गाव भातकुलीच्या खारपाणपट्ट्यातलं. आमच्या विहिरीचं पाणी पाहुण्याला द्यायची लाज वाटते. आई गोड्या पाण्यासाठी आयुष्यभर हांडे घेऊन नळाकडे धावली. आणि इथं मी रोज सकाळी काचेला आंघोळ घालतो, त्या पाण्यात तिची चार दिवसांची डाळ शिजली असती. पहिल्या आठवड्यात मी पाईप तोंडाला लावून पोटभर प्यायलो. सुपरवायझर ओरडला, "पीने का नहीं है, पैनल का है." म्हटलं, बरोबर आहे साहेब, पॅनल कायमचं आहे, माणसं ठेक्यावरची.

नेटवर्क नाही. टॉवर कुठंतरी लांब आहे आणि त्याची आमच्यावर मर्जी नाही. पाण्याच्या टाकीच्या शिडीवर अर्ध्यापर्यंत चढलं तर बोलता येण्याइतकं येतं, चित्र येण्याइतकं येत नाही. संध्याकाळी त्या शिडीवर माणसं अशी लटकलेली असतात की लांबून पाहणाऱ्याला वाटावं, टाकीला गोचीड लागले. साहेब लोक लोखंडी कंटेनरच्या डब्यांत राहतात. त्यांच्याकडे विटेएवढ्या चार्जरचे जाडजूड लॅपटॉप आणि महिन्याच्या महिन्याला भाडं खाणारे पिक्चरचे ॲप. ते सुट्टीवरून येताना शहरातून पिक्चर उतरवून आणतात. थोड्या दिवसांनी उतरवलेला पिक्चरही म्हणतो, आधी इंटरनेट दाखवा, मग मी तोंड दाखवतो. म्हणजे पैसे मोजून दूध घरी आणायचं आणि उकळताना दर वेळी म्हशीला विचारायचं. शिकलेल्या माणसांनी हे कबूल केलं आहे. मी आठवी नापास असलेला बरा.

असं सगळं बेतानं चालू असताना शितूचं लग्न जमलं.

शितल माझी लहान बहीण. नवरदेव अकोल्याचा, डाळ मिलमध्ये मशीनवर. माणसं साधी, पण त्यांना घाई. तारीख निघाली तीच इथल्या मोठ्या तपासणीच्या आठवड्यात. मी सुट्टी मागितली. सुपरवायझर म्हणाला, "शादी तो होती रहती है, इन्स्पेक्शन एक बार होता है." त्यानंतर इन्स्पेक्शन इतक्या वेळा झालं की आता त्या साहेबांच्या चहात साखर किती ते मला पाठ आहे. माझ्या बहिणीचं लग्न मात्र एकदाच झालं.

आमच्याकडे लग्नात कानपिळी असते. नवरीचा भाऊ भर मांडवात नवरदेवाचा कान पिळतो. सगळे हसतात, नवरदेवाकडून भावाला कपडे मिळतात. पण कपड्यासाठी कोणी पिळत नाही. त्याचा अर्थ सरळ आहे. बापा, हिच्या मागे कोणी आहे, हा हात ध्यानात ठेव. शितू दुसऱ्यांच्या लग्नात हे पाहून यायची आणि माझ्या मागे लागायची, "दादा, माह्या लग्नात असा पिळजो का कान लाल झाला पायजे." मी लाईट धरून इतक्या भावांना कान पिळताना पाहिलं होतं की कोणता खरा पिळतो आणि कोणता नुसता कॅमेऱ्याकडे पाहतो, ते मला सांगता यायचं. माझी पाळी एकदाच येणार होती.

शिडीवरून मी तिला सांगितलं, येणं होत नाही. ती म्हणाली, "बरं." वऱ्हाडात 'बरं' हा शब्द कुऱ्हाडीसारखा वापरता येतो. तुम्हाला माहीत आहे.

लग्नाच्या दिवशी दुपारी मी पुन्हा शिडीवर. बऱ्याच वेळानं फोनवर एकच चीज उतरली, ती म्हणजे विकीचं स्टेटस. अर्ध्या मिनिटाचं. विकी शेरवानीत. लॉनच्या छताखाली, सावलीत, डोळ्यांवर काळा गॉगल. बहुतेक पुण्यात मांडवातही ऊन लागत असावं. मोठेबाबा त्याला पुढे ढकलताहेत, "हा पाह्य, हाच भाऊ हाय." विकी गालातल्या गालात हसतो, हात लांब करतो, नवरदेवाच्या कानापर्यंत नेतो. लोक हसतात. मग लाल बदाम उडतात, खाली इंग्रजीत लिहून येतं 'ब्रदर्स ड्यूटी', आणि संपलं.

मी ते तिथंच, एका हातानं शिडी धरून, पुन्हा पुन्हा पाहिलं. माझी जागा भरली गेली होती. भरायला फार वेळ लागला नव्हता, अर्धं मिनिट पुरलं होतं. आणि शितू बाजूलाच बसलेली होती, मान खाली घालून. तिनं चालू दिलं होतं.

नंतर विकीनं घरच्या ग्रुपवर सगळ्या शूटिंगची लिंक टाकली. सोबत ज्ञान, "क्लाऊडवर टाकलंय, जगात कुठूनही दिसतं." जगात हे वाळवंट येत नाही, हे त्याला कंपनीनं शिकवलं नसेल. मी लिंक दाबली की एक चकरी फिरायची. आमच्या चक्कीचा पट्टा तुटल्यावर चाक असंच नुसतं फिरतं, पीठ पडत नाही. दोन-चार दिवस प्रयत्न केला, मग सोडला. खरं सांगायचं तर मला पाहायचंही नव्हतं. जे पाहायचं ते अर्ध्या मिनिटात पाहून झालं होतं.

मी शितूला फोन केला नाही. तिनं मला केला नाही. आईला करायचो. ती लग्नाचा विषय काढायची आणि मी लगेच विचारायचो, म्हैस कशी आहे. मग हिवाळा आला आणि गेला. आई एकदा कातावली, "दोघंई बापावर गेले. तोंडात पीठ भरल्यासारखे." रात्रंदिवस जीवाला एकच धास्ती होती, की हे असंच राहिलं तर? नात्यांचं असं होतं हे मी पाहिलंय. भांडण झालेली भावंडं बोलायला लागतात. न भांडलेली कायमची तुटतात, कारण मिटवायला काही नसतं.

मध्येच एकदा सुधाकरभाऊंचा फोन आला. "पाह्यलं का बे, शितूचं शूटिंग?"

"नाई दिसत भाऊ इथं. चकरी फिरते."

"असं काय," म्हणाले, आणि ठेवला.

पुढच्या महिन्यात मधुकर सुट्टीवरून आला. मधुकर मूर्तिजापूरचा, इथं जेसीबी चालवतो; तो गावी गेल्याचं मी आईला सांगितलं होतं. त्यानं पिशवीतून एक गाठोडं काढून माझ्या खाटेवर ठेवलं. वर बाबांचा खांद्यावरचा दुपट्टा गुंडाळलेला, दुपट्ट्याला पिठाचा वास. आत लॅपटॉप. "तुह्या शूटिंगवाल्यानं मूर्तिजापुरात घरी आणून देल्ला," तो म्हणाला. "म्हणे, माणसाच्या हातानं पाठवा लागते, हवेतून नाई जात."

तो लॅपटॉप मी ओळखत होतो. गिऱ्हाइकाच्या घरी जाऊन नमुने दाखवायला सुधाकरभाऊंनी घेतलेला. भाकरीच्या तव्यापेक्षा हलका, शाळेच्या पाटीएवढा. आत पंखाच नाही, त्यामुळे वाळू ओढून घेत नाही आणि आवाजही करत नाही. शूटिंग कापायचं-जोडायचं काम त्याला झेपत नाही, त्याचा जीव तेवढा नाही. पण चित्र दाखव म्हटलं की दिवस कलेपर्यंत एका चार्जिंगवर दाखवतो. त्यांनी त्यातलं बाकी सगळं पुसून टाकलं होतं. उरला होता एक नारिंगी शंकूवाला प्लेअर, जो कोणालाही काही विचारत नाही, आणि चार फोल्डर. पिक्चर. गावची कबड्डी. बडनेरा स्टेशन. शितलचं लग्न.

साहेबांच्या डब्यातला एक जण पाहून गेला आणि म्हणाला, "ये क्या है, स्लेट?" विकीनं ग्रुपवर विचारलं, रॅम किती आहे. मी लिहिलं, लग्न मावतं.

मी कबड्डी पाहिली. जुने विनोदी पिक्चर पाहिले. बडनेरा स्टेशन पाहिलं, एकट्यानं. चौथं फोल्डर उघडलं नाही. लॅपटॉप उशीच्या खोळीत घालून पत्र्याच्या पेटीत ठेवायचो, वाळूच्या भीतीनं. चार्जर नीट आहे ना, झाकण घट्ट आहे ना, हे उठून उठून पाहायचो. जे पाहायचं नव्हतं तेच हरवू नये म्हणून इतकी काळजी करणारा मूर्ख या वाळवंटात दुसरा नसेल.

मग एका सुट्टीच्या दुपारी आंधी आली. इथं आंधी म्हणजे आभाळ उभं राहून चालत येतं. लाईट गेली, टॉवर गेला, जनरेटर वाळूच्या भीतीनं बंद ठेवला. सगळे आमच्या बराकीत दारं लावून बसलो. थोड्या वेळानं साहेबांपैकी दोघं तोंडाला रुमाल बांधून आत आले. त्यांच्या जाड लॅपटॉपांनी केव्हाच मान टाकली होती, आणि फोनमधले पिक्चर इंटरनेट मागत होते. ज्यानं पाटी म्हटलं होतं त्यानंच विचारलं, "कुछ है क्या देखने को?"

मी पेटी उघडली. मी कबड्डी लावणार होतो. पण ओडिशाचा बिष्णू, माझ्या शेजारच्या खाटेवरचा, त्यानं माझ्या हातातून लॅपटॉप घेतला आणि फोल्डर पाहत म्हणाला, "शादी! शादी लगाओ, खाना दिखेगा." मी नको म्हणेपर्यंत त्यानं दाबलं होतं.

सुधाकरभाऊ शूटिंग कापत नाहीत. आजकाल सगळे तीन मिनिटांचं गोड काहीतरी करून देतात. नवरी हसते, नवरदेव हसतो, फुलं पडतात, जणू लग्नात कोणी घाम गाळलाच नाही. सुधाकरभाऊ म्हणतात, लग्न आहे, साबणाची जाहिरात नाही. ते तेही करून देतात, पोटासाठी. पण स्वतःजवळ सगळं ठेवतात. पत्रावळी मांडणारे, भांडणारे व्याही, खुर्चीवर झोपलेला म्हातारा, पायात चप्पल नसल्यानं परत फिरणारी बाई. बराकीतले लोक ते सगळं पाहत होते. बिष्णूला वांग्याच्या भाजीचं पातेलं पाहून राहवेना. आई दिसली. बाबा दिसले, भुवया धुतलेल्या, त्यामुळे अनोळखी. शितू दिसली आणि मी पाणी प्यायला उठलो. बराकीत पाणी माझ्या खाटेखालीच होतं.

मग ते आलं. कोणीतरी ओरडलं, "नवरीचा भाऊ कुठं हाय?" मोठेबाबांनी विकीला ढकललं. हा पाह्य, हाच भाऊ हाय. शेरवानी, गॉगल, लांब झालेला हात, लोकांचं हसणं. मी मान वळवली. इथं संपतं, मला माहीत होतं.

संपलं नाही.

शितूनं मान वर केली. सकाळपासून खाली घातलेली मान, मुंडावळ्या हलल्या, आणि तिनं विकीचं मनगट धरलं. कानाला टेकायच्या आधी.

"हात काढ," ती म्हणाली.

विकी हसला. "अगं, फॉर्मॅलिटी आहे."

"तुह्यासाठी असन. हा कान माह्या भावाचा हाय."

मोठेबाबा पुढे झाले, "शितल, पाहुणे पाहून राह्यले, पोरी." ती म्हणाली, "पाहू द्या. त्यायलेई समजू द्या मले भाऊ हाय म्हणून."

मांडवातल्या माना वळल्या. साहेबानं तोंडावरचा रुमाल खाली घेतला. तोपर्यंत बाजारातल्या बोकडासारखा कंटाळून बसलेला नवरदेव, त्यानं स्वतःच्या कानावर हात ठेवला आणि म्हणाला, "राहू द्या. मी राखून ठेवतो कान. ते आले का त्यायचा त्यायले देऊ."

आणि कॅमेऱ्याच्या मागून सुधाकरभाऊंचा आवाज आला, "रेकॉर्डिंग चालू हाय, जवाईबुवा. मंग नाई म्हणू नोका."

मांडव हसला, बराक हसली. कॅमेरा वळून बाबांच्या तोंडावर गेला आणि तिथंच थांबला, कितीतरी वेळ. दुसऱ्या कोणी ते कापलं असतं, त्यात घडत काहीच नाही. एक माणूस हसायचं की नाही हे ठरवू शकत नाही, एवढंच. मग कॅमेरा परत शितूवर आला. तिनं सरळ भिंगात पाहिलं. मला पाहिलं.

"दादा, लय मोठा सायब झाला ना तू? कान शिळा व्हायच्या आधी येजो."

बिष्णूला मराठी येत नाही. त्यानं माझ्याकडे पाहिलं आणि न विचारता लॅपटॉप माझ्या मांडीवर ठेवला. साहेब म्हणाला, "एक बार पीछे लो ना." मागे घेतलं. हा प्लेअर कितीही वेळा मागे जातो, कोणाची परवानगी लागत नाही. मधुकर म्हणाला, "अर्ध्या मिनिटाचं पाहून माणूस मरन एखांद्या दिवशी."

आता सगळा हिशेब स्वच्छ दिसत होता. विकीनं स्टेटसमध्ये हात कानापर्यंत नेलेलं ठेवलं आणि मनगट धरलेलं कापलं. इतकं नाजूक काम त्याला येतं, पगार उगाच मिळत नाही. आणि शितूला वाटत होतं, लिंक आली म्हणजे दादानं पाहिलं. तिनं भर मांडवात मला हाक मारली आणि मी महिनोन्महिने ओ दिली नाही.

टॉवर दुसऱ्या दिवशी आला. मी शिडीवर होतोच. शितूनं फोन उचलला. मी म्हटलं, "पाह्यलं."

"हाव?" ती म्हणाली. "एका दिवसाचं लग्न पाहाले तुले अर्ध वर्ष लागलं?" मग तिचा आवाज फुटला, आणि मला शिडीचा गज दोन्ही हातांनी धरावा लागला, त्यामुळे फोन खांद्यात दाबला, त्यामुळे पुढचं नीट ऐकू आलं नाही. नीट ऐकायची गरजही नव्हती. शेवटी जवाईबुवांनी फोन घेतला. "संजूभाऊ, रोज तेल लावून राह्यलो कानाले. पण आता या, मिलमधले लोक हासतात." वरची माणसं खाली उतरायला थांबली होती. कोणी घाई केली नाही. सगळ्यांनी ते लग्न पाहिलं होतं.

तेव्हापासून सुट्टीच्या दुपारी आमच्या बराकीत खेळ असतो. जो घरी जातो तो पेन ड्राईव्ह भरून आणतो. बिष्णूच्या गावची जत्रा, झारखंडच्या कोणाच्या पोरीचं बारसं, मधुकरच्या घरासमोरची नाली आणि त्यावरून झालेलं भांडण. अट एकच, कापलेलं आणायचं नाही. साहेबही येतात, मागे बसतात. त्यांच्या ॲपचं भाडं चालूच आहे.

विकी अधूनमधून अजूनही विचारतो, नवा का घेत नाहीस. त्याला काय सांगू? घर म्हणजे काय हे मला आधी माहीत नव्हतं. मला वाटायचं भातकुलीजवळचं गाव, चक्की, आई. आता वाटतं, ज्या ठिकाणी मी नसताना माझी जागा कोणी धरून ठेवतं, ते. ती जागा त्या दिवशी एका मनगटावर टिकली, आणि एका माणसानं कॅमेरा बंद केला नाही म्हणून माझ्यापर्यंत आली. बाकी ग्रुप, लिंक, स्टेटस, बदाम, हे सगळं चुलीत घाला. जाळ तरी होईल.

एक गोष्ट मात्र मला सारखी टोचते. ते सगळं लग्न मी इतक्यांदा पाहिलं, त्यात सुधाकरभाऊ कुठंच नाहीत. त्यांचा आवाज आहे. नवरदेव इकडं पाहा, मावशी थोडं सरका, खोकला. तोंड नाही. मग एकदा थांबवत थांबवत पाहताना सापडले. विकीच्या काळ्या गॉगलमध्ये. त्या मूर्खाच्या दोन्ही डोळ्यांवर एकेक छोटा माणूस, खांद्यावर कॅमेरा, डोकं एका बाजूला कललेलं. विकीचा मला झालेला हा एकमेव उपयोग. मी ते चित्र थांबवून ठेवलं. या माणसानं अर्ध्या जिल्ह्याची तोंडं सांभाळली. त्याच्या स्वतःच्या भावाच्या लग्नातही तो फोटोत नाही, कारण कॅमेरा दुसऱ्याच्या हातात द्यायचा त्याला भरवसा नव्हता.

सुधाकरभाऊ, या दिवाळीनंतर सुट्टी मंजूर आहे. आधी अकोल्याला जाईन, कान बाकी आहे. मग तुमचा लॅपटॉप तुमच्या टेबलावर ठेवायला नांदगावला येईन. तुम्ही तो परत घेणार नाही, हेही मला माहीत आहे. म्हणून दुसरं काहीतरी कबूल करतो, आणि इतक्या लोकांसमोर लिहून करतो, म्हणजे मला मागे फिरता येणार नाही. तुमची पोरगी पायल आत्ता कॉलेजात आहे. तिचं लग्न निघेल त्या दिवशी मी जगाच्या पाठीवर कुठंही असेन, कोणतंही इन्स्पेक्शन असेल, मी येईन. कॅमेरा माझ्या हातात राहील. तुम्ही नवे कपडे घालून मांडवात पोरीच्या बाजूला उभे राहा, रडा, भांडा, पंगतीत बसून दुसऱ्यांदा जिलेबी मागा. लाईट हलणार नाही. आणि तुमचं काहीच कापणार नाही.